टी६ करूनही ठोकळा मऊच: घर्षणाने रचलेल्या ॲल्युमिनियमचं निदान

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा बार घेऊन ॲडिटिव्ह फ्रिक्शन स्टर डिपॉझिशनने, म्हणजे एएफएसडीने, थरावर थर रचून ठोकळा केला. १७५ अंश सेल्सिअसला आठ तास एजिंग केलं, म्हणजे कडक व्हावा म्हणून बेताच्या तापमानावर ठेवला. हार्डनेस वर आलाच नाही. वरचे थर थोडे सुधारले, खालचे होते तिथेच राहिले. मग कोणीतरी सुचवतं, एजिंग वाढवा. वाढवलं की खालचे थर ढिम्म हलत नाहीत आणि वरचे जे थोडे सुधारले होते तेही उतरायला लागतात. कंटाळून पूर्ण टी६ केलं जातं: सोल्यूशनायझिंग (खूप तापवून मिश्रणातले घटक विरघळवणं), क्वेंच (झटक्यात थंड करणं), एजिंग. आकडा येतो, सगळे खूश होतात. आणि टेन्साइलचा, म्हणजे ओढून तोडायच्या चाचणीचा, तुकडा तुटला की आतले ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिकदाणे, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे झालेले आढळतात.

या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच आहे. रचताना मिश्रधातूतल्या मॅग्नेशियम-सिलिकॉनचं जे झालं ते एजिंगच्या ओव्हनला दुरुस्त करता येत नाही. सोल्यूशनायझिंगला ते येतं, पण त्या दुरुस्तीची किंमत ग्रेन मोजतात. म्हणून ओव्हनच्या सेटिंगला हात लावण्याआधी मॅग्नेशियम-सिलिकॉन आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, हे शोधायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आत काय घडतं

एएफएसडी ही फ्रिक्शन स्टर वेल्डिंगची पुढची पिढी. वेल्डिंगचं तंत्र १९९१ साली इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूआय संस्थेत निघालं. तिथे फिरणारं टूल दोन प्लेटी घुसळून जोडतं; इथे टूल पोकळ असतं आणि मधल्या छिद्रातून बार दाबत खाली आणला जातो. घर्षण आणि घुसळणीच्या उष्णतेने धातू वितळत नाही, लोण्याइतका मऊ होऊन पसरतो. थराची जाडी साधारण १ ते २ मि.मी. ६०६१ मध्ये टूलखालचं तापमान बहुधा ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात असतं, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

६०६१ ला ताकद मिळते ती बीटा-डबल-प्राइम नावाच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या सुईसारख्या कणांमुळे. ते व्हायला मॅग्नेशियम आणि सिलिकॉन आधी ॲल्युमिनियममध्ये विरघळलेलं असावं लागतं. त्यासाठी ५३० अंशांच्या आसपास ठेवून झटक्यात थंड करायचं, मग १६० अंशांवर १८ तास किंवा १७५ वर ८ तास एजिंग द्यायचं. एएफएसडीमध्ये धातू ५३० च्या खालीच राहतो, म्हणजे पूर्ण विरघळणं होत नाही. जे विरघळतं तेही टिकत नाही, कारण वर पुढचा थर पडतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. खालचा थर पुन्हा पुन्हा तापतो आणि सावकाश निवतो. ६००० मालिकेतल्या मिश्रधातूंमधून मॅग्नेशियम-सिलिकॉन सर्वांत वेगाने बाहेर पडतं ते साधारण ३५० अंशांच्या आजूबाजूला, आणि खालचे थर नेमके त्याच भागात रेंगाळतात. सुया जाऊन त्या जागी जाड, निरुपयोगी मॅग्नेशियम सिलिसाइडचे कण बसतात. बारवर टी६ लिहिलं होतं की नाही, याला आता फारसा अर्थ उरत नाही.

म्हणूनच रचलेल्या ठोकळ्यात वरून खाली हार्डनेस उतरत जातो. बार टी६ मध्ये १०७ विकर्सच्या आसपास असतो (विकर्स हे हार्डनेसचं माप; टोकदार हिऱ्याने धातूवर ठसा उमटवून मोजतात); ठोकळ्याचा तळ त्याच्या निम्म्यावर सापडला तर आश्चर्य वाटू देऊ नका, आणि मशीनलाही दोष देऊ नका.

मोजणी संशयाच्या पलीकडे न्या

निम्म्या तक्रारींत मोजणीच गडबडलेली असते, असं माझं मत झालं आहे.

पहिलं, सरासरी नको. ठोकळ्यावर कुठेतरी पाच ठसे घेऊन काढलेली सरासरी इथे काहीच सांगत नाही. उभा छेद घ्या आणि तळापासून माथ्यापर्यंत एका रेषेत दर मिलिमीटरला ठसा घ्या. ५०० ग्रॅम भार बरा पडतो. विकर्सच्या आयएसओ ६५०७ मानकात ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूंसाठी दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या कर्णाच्या सहापट अंतर मागितलं आहे. पोलादासाठी तिप्पट पुरतं, आणि सवय पोलादाचीच असते. ६० विकर्सच्या धातूत ५०० ग्रॅमला कर्ण साधारण ०.१२ मि.मी. येतो, म्हणजे एक मिलिमीटर अंतर बसतं. एक किलो भार लावलात तर थोडक्यात हुकतं.

दुसरं, नमुना कसा तयार केला? गरम माउंटिंग प्रेसमध्ये बेकेलाइटचा गोळा करताना नमुना १५० अंशांच्या वर काही मिनिटं शिजतो. नुकताच क्वेंच केलेला किंवा नैसर्गिक एजिंगवर असलेला तुकडा तिथेच बदलतो. मग जो आकडा मिळतो तो तुमच्या प्रक्रियेचा नसून प्रेसचा असतो. एपॉक्सीचं थंड माउंटिंग वापरा, आणि कापताना भरपूर कूलंट सोडा.

तिसरं, किती वेळाने मोजलं? खोलीच्या तापमानालाही ही मिश्रधातूंची मंडळी कडक होत राहतात. एजिंगचा शोधच त्यातून लागला: जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली आढळलं की क्वेंच केलेला तांबे-मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियमचा नमुना काही दिवस नुसता पडून राहिला तरी कडक होतो. ७०७५ ही दुसरी ॲल्युमिनियम मिश्रधातू तर महिनोन्‌महिने थांबत नाही. त्यामुळे रचल्याच्या दिवशी घेतलेला आकडा आणि आठवड्याने घेतलेला आकडा शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष बाद. प्रत्येक मोजणीसोबत मधला काळ लिहून ठेवा.

हार्डनेसला जोडीदार द्या

हार्डनेस एकटा असेल तर दोन अगदी विरुद्ध आजार सारखेच दिसतात. मॅग्नेशियम-सिलिकॉन विरघळलेलं आहे पण अजून सुया झालेल्या नाहीत, तेव्हा धातू मऊ. आणि सुया होऊन गेल्या, जाड कण झाले, तेव्हाही धातू मऊ. पहिल्यावर उपाय जास्त एजिंग, दुसऱ्यावर जास्त एजिंग म्हणजे नुकसान. त्यांना वेगळं करणारं स्वस्त हत्यार म्हणजे एडी करंटवर चालणारा कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे धातूतून वीज किती सहज वाहते ते मोजणारं यंत्र. विरघळलेले अणू इलेक्ट्रॉनच्या वाटेत सर्वांत जास्त अडथळा आणतात. ते गोळा होऊन कण झाले की वाट मोकळी होते आणि कंडक्टिव्हिटी चढते.

६०६१ साठी ढोबळ खुणा अशा: टी४ अवस्थेत (क्वेंच करून खोलीच्या तापमानाला ठेवलेली) ४० टक्के आयएसीएसच्या (तांब्याच्या प्रमाणित कंडक्टिव्हिटीच्या तुलनेतले टक्के) आसपास, टी६ मध्ये ४३ च्या आसपास, पूर्ण ॲनिल केलेल्या (तापवून सावकाश निववून मऊ केलेल्या) अवस्थेत ४७ च्या आसपास. आता वाचन सोपं होतं. हार्डनेस कमी आणि कंडक्टिव्हिटी ४६-४७ कडे झुकलेली: माल जाड कणांत अडकलाय, एजिंगने काही होणार नाही. हार्डनेस कमी आणि कंडक्टिव्हिटी ४० च्या जवळ: माल विरघळलेला आहे, एजिंग कमी पडलंय किंवा ओव्हन खोटं बोलतोय. हार्डनेस चांगला आणि कंडक्टिव्हिटी ४३: हीट ट्रीटमेंट जमली, आता ग्रेनकडे बघा.

एक सावधानता. ६० किलोहर्ट्झला या मीटरचा करंट धातूत जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरतो. रचलेल्या ठोकळ्याची खडबडीत, कडेला धातू ओघळून फ्लॅश आलेली बाजू तशीच मोजली तर आकडा पृष्ठभागाचा आणि हवेच्या फटीचा मिळेल. दोन-तीन मिलिमीटर मिलिंग करून सपाट पृष्ठभाग घ्या, तुकडा आणि कॅलिब्रेशनचा ब्लॉक एकाच तापमानाला येऊ द्या. आणि हेही तळापासून माथ्यापर्यंत, फक्त मध्यावर नाही.

हार्डनेस आणि कंडक्टिव्हिटी यांचे दोन आलेख उंचीप्रमाणे एकमेकांशेजारी ठेवले की बहुतेक प्रकरणं तिथेच उलगडतात.

तळ मऊ, कंडक्टिव्हिटी चढलेली

सर्वांत नेहमीची स्थिती. इथे एजिंगचं रेसिपी-संशोधन ताबडतोब थांबवा. रस्ते दोनच. एक, रचतानाच तळाला त्या ३५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू न देणं. दुसरा, नंतर पूर्ण सोल्यूशनायझिंग. कुठला घ्यायचा हे भागाच्या आकारावर आणि भट्टीवर ठरतं. मोठा भाग असेल, क्वेंचमध्ये तो वाकणार असेल, किंवा भट्टीत मावतच नसेल, तर पहिला रस्ता. पण मग बारच्या टी६ एवढी ताकद मिळेल ही अपेक्षा ड्रॉइंगमधूनच काढून टाकावी लागते. हा निर्णय डिझाइन करणाऱ्याने घ्यायचा असतो, भट्टीवरच्या माणसाने नाही.

पहिल्या रस्त्यावर काय करता येतं? ज्यावर ठोकळा रचतात त्या बेस प्लेटमध्ये, पहिल्या थराच्या जितकं जवळ जमेल तितकं, थर्मोकपल बसवा आणि पूर्ण रचणीभर तापमान नोंदवा. आलेखात तळ २५० ते ४०० अंशांमध्ये किती वेळ बसून होता ते दिसेल. हे बघितल्याशिवाय आरपीएमशी खेळणं म्हणजे अंधारात चाचपणं. मग थरांमध्ये थांबा द्या, बेस प्लेटखाली पाण्याने थंड होणारी प्लेट ठेवा, किंवा उष्णतेची आवकच कमी करा. आरपीएम वाढवला की धातू जास्त तापतो, टूलचा सरकण्याचा वेग वाढवला की कमी तापतो. पाण्याच्या फवाऱ्यात किंवा पाण्याखाली रचण्याचेही प्रयोग झाले आहेत आणि त्यात ग्रेनही बारीक राहतात. पण फार थंड केलं की थर नीट मिसळत नाहीत, टूलवरचा भार चढतो, मध्ये फटी राहतात. मऊ पण अखंड ठोकळा आणि कडक पण फटींचा ठोकळा यांत मी केव्हाही पहिला घेईन.

चाचणीसाठीच्या नमुन्याबद्दलही इथेच सांगायला हवं. पाच-सहा थरांचा छोटा कूपन रचून त्यावर प्रक्रिया पक्की करायची आणि मग साठ थरांचा भाग करायचा, ही पद्धत या कामात फसवते. तळाचा उष्णतेचा इतिहास वर किती थर पडले यावर ठरतो. कूपन भागाइतकाच उंच हवा; लांबी कमी केलीत तर थरांमधला वेळही कमी होतो, म्हणून तेवढा थांबा मुद्दाम घालावा लागतो.

पूर्ण टी६ केलं, तरीही मऊ

इथे कारणं आडवीतिडवी असतात. कंडक्टिव्हिटीने दिशा ठरवा.

ती चढलेली असेल तर एकतर विरघळवणं अपुरं झालं किंवा क्वेंच संथ झाला. भट्टीचा पॅनेलवरचा आकडा हवेचा असतो. ठोकळ्याला छिद्र पाडून आत थर्मोकपल घाला आणि सोकचा, म्हणजे त्या तापमानावर धरून ठेवण्याचा, वेळ ठोकळा ५३० ला पोचल्यापासून मोजा, दार बंद केल्यापासून नाही. भट्टीत जागोजागी ६ अंशांपेक्षा जास्त फरक नको. जुन्या भट्ट्यांमध्ये दाराजवळचा कोपरा हमखास थंड असतो, आणि मऊ तुकडे दर वेळी त्याच कोपऱ्यातले निघाले तर पुढचं संशोधन करायची गरजच नाही.

क्वेंचमध्ये दोन गोष्टी निसटतात. दार उघडल्यापासून पाण्यात बुडेपर्यंतचा वेळ १५ सेकंदांच्या आत हवा, पातळ भागांसाठी त्याहूनही कमी. पाणी सुरुवातीला ३८ अंशांच्या खाली आणि खेळतं. हे सगळ्यांना पाठ असतं. विसरलं जातं ते बेस प्लेटचं. रचलेला भाग जाड बेस प्लेटसह क्वेंच केला तर प्लेट उष्णतेचा साठा बनते, आणि तिच्या लगतचे थर भागाच्या जाडीवरून वाटतं त्यापेक्षा कितीतरी सावकाश निवतात. पुन्हा तळच मऊ. आणि मग "टी६ केलं तरी तळ मऊ म्हणजे हा एएफएसडीचाच गुण" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शक्य असेल तिथे प्लेट आधी कापून वेगळी करा. प्लेटला भागाचाच एक हिस्सा म्हणून ठेवायचं असेल तर जाडी मोजताना तीही धरा.

कंडक्टिव्हिटी खाली, ४० च्या जवळ असेल तर संशय एजिंगच्या ओव्हनवर, किंवा मधल्या थांब्यावर. हा थांबा विचित्र प्रकार आहे. ज्या मिश्रधातूंत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून साधारण एक टक्क्याच्या वर असतात, त्यांत क्वेंचनंतर खोलीच्या तापमानाला काही काळ गेला तर नंतरच्या एजिंगचं शिखर खाली येतं. ६०६१ त्यातच मोडतं: मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के, सिलिकॉन ०.४ ते ०.८. खोलीच्या तापमानाला जी बारीक झुंबडं बनतात ती पुढे सुया बनण्याच्या कामी येत नाहीत, वर अणूंना हलायला लागणाऱ्या रिकाम्या जागाही अडवून बसतात. शुक्रवारी क्वेंच करून सोमवारी ओव्हनमध्ये गेलेली बॅच आणि त्याच दिवशी गेलेली बॅच यांत फरक पडतो तो यामुळे. उपाय फार सोपा आहे: थांबा शक्य तितका कमी, आणि दर वेळी तेवढाच.

आकडा छान, ग्रेन फुगलेले

हा भाग सर्वांत त्रासाचा, कारण तो लपतो. ६०६१ ची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) मुख्यतः सुयांवर चालते, ग्रेनच्या आकारावर थोडीच. त्यामुळे काही मायक्रॉनचे ग्रेन वाढून काही मिलिमीटरचे झाले तरी हार्डनेस जवळजवळ तोच राहतो. बिघडतं ते लांबणं, फटीग (वारंवारच्या भाराने थकणं) आणि रचणीच्या उभ्या दिशेतली वागणूक. तुटलेल्या तुकड्यावर गुळगुळीत, चकाकणारे पैलू दिसतात, म्हणजे तडा ग्रेनच्या सीमांवरून धावलाय. हार्डनेस रिपोर्टवर भाग पास, टेन्साइलवर नापास, आणि दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

तपासणी साधी आहे. छेद बारीक पेपरपर्यंत घासा, कोमट १० टक्के कॉस्टिक सोड्यात काही मिनिटं ठेवा, पाण्याने धुवा, पातळ नायट्रिक ॲसिडने काळा थर उतरवा. फुगलेले ग्रेन वेगवेगळ्या छटांच्या ठिगळांसारखे उघड्या डोळ्यांना दिसतात. चष्मा, हातमोजे आणि चालू एक्झॉस्ट यांशिवाय हे करू नका. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तपशील हवा असेल तर केलरचं द्रावण आहे, पण त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ज्यांना त्याचं प्रशिक्षण आहे त्यांनीच ते हाताळायचं.

असं का होतं? घुसळणीत ग्रेन फार बारीक होतात. बारीक ग्रेन म्हणजे सीमांचं प्रचंड क्षेत्रफळ, म्हणजे साठलेली ऊर्जा. खोलीच्या तापमानाला सीमा हलत नाहीत आणि गरम केल्यावर त्यांना सूक्ष्म कण धरून ठेवतात. पण ५३० अंशांकडे जाताना त्यांतले मॅग्नेशियम सिलिसाइडचे कण विरघळतात, तेच तर आपल्याला हवं असतं. उरतात क्रोमियम, लोह, मँगनीजचे न विरघळणारे कण. ते पुरेसे आणि समान पसरलेले नसले तर जिथे पकड आधी सुटते तिथला एखादा ग्रेन शेजाऱ्यांना गिळत सुटतो. जॉन हम्फ्रीज यांनी १९९७ साली मांडलेल्या हिशेबात हेच आहे: ग्रेन जितके बारीक, तितके त्यांना स्थिर ठेवायला जास्त कण लागतात.

यातून निघणारी गोष्ट प्रथम ऐकताना उलटी वाटते. थंड रचलेला, बारीक ग्रेनचा, दिसायला उत्तम ठोकळा सोल्यूशनायझिंगमध्ये लवकर फुगतो. जरा गरम रचलेला, थोड्या मोठ्या ग्रेनचा ठोकळा तुलनेने टिकतो. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगच्या सांध्यांत हे बऱ्याच मिश्रधातूंमध्ये दिसून आलं आहे. म्हणजे रचतानाच ठरवावं लागतं की पुढे काय करायचंय. फक्त एजिंग किंवा तसाच वापर असेल तर थंड रचा. पूर्ण टी६ करायचंच असेल तर थंड रचण्याचा हट्ट सोडा. दोन्हींची मधली वाट शोधत बसणारे दोन्हीकडचे तोटे गोळा करतात.

रचून झालेल्या ठोकळ्याला काय करता येईल? घुसळणीने कण आधीच फुटलेले आणि पसरलेले असतात, त्यामुळे ते विरघळायला जाड प्लेटसाठी लिहिलेल्या पूर्ण सोकची गरज बहुधा लागत नाही. त्याच उंचीच्या कूपनचे तुकडे करून ५१५ पासून ५३० अंशांपर्यंत दोन-तीन तापमानं आणि कमी होत जाणारे वेळ लावा. प्रत्येकाची क्वेंचनंतरची कंडक्टिव्हिटी घ्या आणि मग कॉस्टिकमध्ये बुडवा. ज्या ठिकाणी कंडक्टिव्हिटी ४० च्या आसपास उतरते पण ठिगळं अजून दिसत नाहीत, ती तुमची खिडकी. काही ठोकळ्यांत ही खिडकी मुळातच नसते. तेव्हा रचणीकडे परत जायचं. भट्टी तापवण्याच्या वेगानेही फरक पडतो, पण तो मिश्रधातू आणि रचणीप्रमाणे बदलतो, त्यामुळे वेगही याच कूपनवर तपासा. दुसऱ्याच्या ठोकळ्यावरून उचललेला वेग चालेलच असं नाही.

मिश्रधातू निवडायला अजून वाव असेल तर झिर्कोनियम असलेल्या जातींचा विचार करा. ७०५० मध्ये क्रोमियमऐवजी झिर्कोनियम असतं, त्याचे बारीक कण सीमांना चांगले धरतात, आणि ती ७०७५ पेक्षा क्वेंचच्या संथपणालाही कमी संवेदनशील आहे.

फोड

सोल्यूशनायझिंगनंतर पृष्ठभागावर फुगवटे आले तर प्रथम बारवरच्या वंगणाकडे बघा. बार टूलमध्ये अडकू नये म्हणून त्यावर ग्रॅफाइट फवारतात. जास्त झालं की ते घुसळलं जाऊन थरांमध्ये काळ्या रेषा सोडतं. पुढचा संशय ओलाव्यावर. गरम ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेशी क्रिया करून हायड्रोजन शोषतो, आणि तो आतल्या बारीक फटींत जमा होऊन धातू उचलतो. बार कोरडे आणि स्वच्छ ठेवा, भट्टीत ओले तुकडे टाकू नका. कोल्ड स्प्रेच्या, म्हणजे धातूची पावडर वेगाने मारून रचलेल्या, थरांत हाच त्रास जास्त होतो, कारण पावडरीच्या प्रत्येक कणासोबत ऑक्साइड आणि ओलावा येतो.

६०६१ नसेल तर

तर्क तोच, आकडे वेगळे. ७०७५ ला सोल्यूशनायझिंग ४७० ते ४८० अंशांच्या पट्ट्यात आणि एजिंग १२० वर २४ तास. कंडक्टिव्हिटी टी६ मध्ये ३३ च्या आसपास, ओव्हरएज केलेल्या टी७३ मध्ये ३८ ते ४०. क्वेंचच्या बाबतीत ती ६०६१ पेक्षा बरीच नाजूक आहे. ४०० ते २९० अंशांमधून झपाट्याने उतरली पाहिजे, आणि वर सांगितलेला बेस प्लेटचा मुद्दा इथे दुप्पट लागू पडतो. "विरघळत नाहीये, तापमान थोडं चढवू" हा मोह इथे महागात जातो, कारण तांबे-मॅग्नेशियमचे जाड कण शिल्लक असतील तर त्यांच्याभोवती स्थानिक वितळण सुरू होते. छेदात ग्रेनच्या सीमांवर काळे, गोलसर डाग दिसले की तो तुकडा संपला. कुठलीही पुढची ट्रीटमेंट त्याला परत आणत नाही.

२२१९ मध्ये ५.८ ते ६.८ टक्के तांबं असतं, त्यातलं काही ५३५ अंशांवरही विरघळत नाही. त्यामुळे छेदात उरलेले जाड कण पाहून सोक वाढवू नका, ते राहणारच. एजिंग १९० वर, आणि वेळ तासांत नाही तर जवळजवळ दिवसांत: टी६२ साठी ३६ तास.

५०८३ घेऊन कोणी टी६ बद्दल विचारलं तर उत्तर एका ओळीत: तिला एजिंगने ताकद येत नाही. उलट ४ टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियममुळे १०० ते २०० अंशांत फार वेळ राहिली तर ग्रेनच्या सीमांवर मॅग्नेशियमयुक्त फेज जमून ती गंजायला सोपी होते. उंच ठोकळ्याचा तळ रचणीदरम्यानच त्या पट्ट्यात रेंगाळू शकतो, हे लक्षात असू द्या.

सगळं बरोबर, तरी उभ्या दिशेत कमजोर

हार्डनेस तळापासून माथ्यापर्यंत सपाट, कंडक्टिव्हिटी ४३, कॉस्टिकमध्ये ठिगळं नाहीत, आणि तरीही उभ्या दिशेतले टेन्साइल तुकडे लवकर तुटतात आणि दर वेळी थराच्या जोडावरच तुटतात. अशा ठोकळ्याला भट्टीत परत घालण्यात अर्थ नाही. तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. सपाट, रेषा उमटलेले भाग दिसले तर थर मिसळलेच नाहीत. काळे पट्टे दिसले तर ग्रॅफाइट. टूलच्या खालच्या बाजूला असलेले उंचवटे झिजले की आधीच्या थरात शिरण्याची त्यांची खोली कमी होते, आणि ही झीज हळूहळू होत असल्यामुळे पहिल्या ठोकळ्यांत ती दिसत नाही. उंचवट्यांची उंची मोजा, थराची जाडी त्या मानाने कमी करा किंवा टूल बदला, बारच्या फीडचा वेग आणि टूलचा सरकण्याचा वेग यांचं प्रमाण तपासा. फीड कमी पडला की टूलखाली धातू अपुरा येतो, दाब घसरतो आणि पहिली फट थराच्या कडेला पडते. म्हणून टेन्साइलचे काही तुकडे मध्यातून आणि काही मुद्दाम कडेजवळून कापा.